घाटातली कोंडी आणि मोकळ्या रस्त्यावरचे मृत्यू

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग वर्तमानपत्रांत प्रामुख्याने दोन कारणांनी येतो. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की बोरघाटात वाहनांच्या किती किलोमीटर रांगा लागल्या याची बातमी येते, आणि अधूनमधून पहाटेच्या वेळी एखादी मोटार पुढच्या ट्रकवर मागून आदळल्याची बातमी येते. दोन्ही बातम्यांवर लोकांची प्रतिक्रिया साधारण एकच असते: हा रस्ता आता अपुरा पडतो आहे, तो रुंद करावा. नोकरीनिमित्त मी या मार्गावरून अनेक वर्षे ये-जा करत आलो आहे, आणि रस्ता जितका पाहत गेलो तितके माझे मत पक्के होत गेले की या दोन तक्रारींवर एकच उपाय सुचवणे चुकीचे आहे. ज्या वेळी येथे कोंडी असते त्या वेळी सहसा कोणी मरत नाही, आणि ज्या वेळी माणसे मरतात त्या वेळी रस्ता बहुधा मोकळा असतो.

आधी कोंडीकडे पाहू, कारण तिची कारणे अधिक उघड आहेत. कळंबोलीपासून देहूरोडजवळच्या किवळ्यापर्यंतचा हा ९४.५ किलोमीटरचा मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला आणि २००२ मध्ये तो पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. सहा पदरांचा, काँक्रीटचा आणि ठरावीक ठिकाणीच प्रवेश देणारा देशातला हा पहिला मोठा रस्ता असल्याने त्याचे कौतुकही भरपूर झाले. त्या कौतुकात एक गोष्ट झाकली गेली. बोरघाटात या मार्गाला स्वतःची वेगळी वाट मिळालेलीच नव्हती. खोपोलीच्या बाजूने जुना चौपदरी महामार्ग येऊन द्रुतगती मार्गाला मिळतो, खंडाळ्यापर्यंत दोन्ही रस्त्यांची वाहतूक एकाच सहापदरी पट्ट्यातून चालते आणि वर गेल्यावर ते पुन्हा वेगळे होतात. म्हणजे पुण्याकडे जाणाऱ्या बाजूचा विचार केला, तर द्रुतगती मार्गाच्या तीन आणि जुन्या महामार्गाच्या दोन अशा पाच मार्गिकांमधली वाहने तीन मार्गिकांत शिरतात, आणि तीसुद्धा नेमकी चढ सुरू होतो त्या ठिकाणी.

सपाट रस्त्यावर, सगळी वाहने मोटारी असतील आणि सगळे चालक शिस्तीचे असतील, तर एका मार्गिकेतून तासाला सुमारे दोन हजार वाहने जाऊ शकतात असे वाहतूक अभियंते धरून चालतात. घाटात यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही. भरलेला ट्रक चढावर ताशी वीस-तीस किलोमीटरच्या वेगाने जातो, मोटारीला साठ किलोमीटरची मर्यादा आहे, आणि या दोन वेगांमधल्या फरकातच सगळा घोळ आहे. नियमाप्रमाणे जड वाहनांनी डावी मार्गिका धरावी, मधल्या मार्गिकेतून पुढे जाऊन पुन्हा डावीकडे यावे आणि उजवी मार्गिका हलक्या वाहनांसाठी मोकळी ठेवावी. प्रत्यक्षात बावीस किलोमीटरच्या वेगाने चाललेल्या ट्रकला चोवीस किलोमीटरच्या वेगाने चाललेला ट्रक मागे टाकू लागतो, तो मध्येच असताना तिसऱ्या ट्रकला उजवीकडे जागा दिसते, आणि मग तीन ट्रक एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून घाट चढतात. मागच्या सगळ्यांचा वेग त्या तिघांइतका होतो. मोटारवालेही काही कमी नाहीत. मिळेल त्या फटीतून मार्गिका बदलणारा प्रत्येकजण मागच्याला ब्रेक दाबायला लावतो, त्याच्या मागचा आणखी जोरात दाबतो, आणि पाचशे मीटर मागे काहीही कारण दिसत नसताना वाहने चक्क थांबलेली असतात.

अशा स्थितीत एखादे वाहन बंद पडले की तीनपैकी एक मार्गिका संपते. एप्रिल-मे महिन्यांतल्या लागून सुट्ट्यांत हे हमखास घडते, कारण चढावर रांगत चाललेल्या मोटारींमध्ये वातानुकूलन पूर्ण क्षमतेने चालू असते, रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही, आणि क्लचवर पाय ठेवून गाडी तोलत राहण्याच्या सवयीमुळे क्लच प्लेट जळते. बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी असलेली कुटुंबे हे त्या दिवसांतले नेहमीचे दृश्य आहे. बंद पडलेल्या गाडीपर्यंत क्रेन पोहोचायची तर तिलाही त्याच रांगेतून वाट काढावी लागते, कारण कडेची पट्टी घाईतल्या मोटारींनी आधीच व्यापलेली असते. कडेची पट्टी हा चौथा पदर आहे अशी अनेकांची प्रामाणिक समजूत आहे, आणि माझ्या मते घाटातल्या कोंडीचे तास वाढवण्यात या समजुतीचा वाटा ट्रकांपेक्षा कमी नाही.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, जिची चर्चा फारशी होताना मी ऐकलेली नाही. पूर्वी खालापूरच्या टोलनाक्यावर रोख पैसे देण्यासाठी रांगा लागत, आणि त्या रांगांचा सगळ्यांनाच मनस्ताप होता. पण नकळत तो नाका घाटाच्या पायथ्याशी वाहने थोडी थोडी सोडण्याचे काम करत असे. फास्टॅग आल्यावर नाक्यावरचा वेळ वाचला, ते चांगलेच झाले, मात्र वाचलेला वेळ घेऊन सगळी वाहने एकदमच घाटाच्या तोंडाशी येऊ लागली. म्हणून गर्दीच्या दिवशी खालापूरच्या अलीकडे वाहने ठरवून, टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धत बसवली, तर प्रवासाचा एकूण वेळ वाढण्याऐवजी कमी होईल असे मला वाटते. महामार्ग पोलीस आजही हे वेगळ्या प्रकारे करतातच. ते जड वाहने काही वेळ रोखून धरतात, आणि फारच झाले तर मुंबईकडे येणारी वाहतूक थोडा वेळ थांबवून पुण्याकडची वाहने उलट बाजूच्या मार्गिकांतून वर काढतात. त्या वेळी भर उन्हात किंवा पावसात उभे राहून हे सांभाळणाऱ्या पोलिसांविषयी मला आदर आहे. पण दर सुट्टीला ज्या गोष्टीचा आधार घ्यावा लागतो ती आणीबाणीची उपाययोजना उरत नाही. ती वेळापत्रकात बसवायला हवी, आदल्या दिवशी जाहीर करायला हवी.

ट्रकांना वेळेची बंदी घालावी, ही मागणी मोटारवाल्यांच्या तोंडी नेहमी असते. सणासुदीला आणि लागून सुट्ट्यांना काही तासांपुरती अशी बंदी योग्यही आहे. तरीही न्हावाशेव्याच्या बंदरातून चाकण, तळेगाव, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यांकडे जाणाऱ्या कंटेनरला याच घाटाने जावे लागते, आणि हा रस्ता सहलींसाठी जितका बांधला आहे तितकाच या मालासाठी बांधला आहे, हे विसरून चालणार नाही. ट्रक रोखायचा तर त्याला उभे राहायला जागा द्यावी लागते. ती जागा पुरेशी नसली की चालक रस्त्याच्या कडेलाच गाडी लावून झोपतो, आणि दिवसा कोंडीला कारण ठरलेला तोच ट्रक रात्री अपघाताला कारण ठरतो. पनवेलजवळच्या एका ढाब्यावर भेटलेले एक वयस्क चालक मला म्हणाले होते, “साहेब, आम्हाला थांबवा, पण कुठं थांबायचं ते तरी दाखवा.” या वाक्यावर मला आजही उत्तर सुचलेले नाही.

याच डोंगरात रेल्वेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याची वाट एका शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी कथा आहे, आणि जुन्या घाटरस्त्यावरच्या त्याच्या देवळाशी अनेक चालक आजही नाणे टाकून पुढे जातात. रेल्वेने मात्र केवळ श्रद्धेवर काही सोडले नाही. कर्जतहून वर चढणाऱ्या जड गाड्यांना मागून जोर देण्यासाठी बँकर इंजिने जोडली जातात, म्हणजे चढावर गाडीची ताकद पुरेल की नाही हा प्रश्न चढ सुरू होण्यापूर्वीच सोडवला जातो. उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या ठिकाणी थांबून ब्रेकची खात्री द्यावी लागते, आणि ती मिळेपर्यंत सांधा कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढावर नेऊन गाडी थांबवणाऱ्या फाट्याकडे वळवलेला असतो. चूक होणारच असे गृहीत धरून तिची व्यवस्था आधीच केलेली आहे. रस्त्यावर आपण बहुतेक सगळे चालकाच्या सावधपणावर सोडतो आणि नंतर त्याच्या नावाने बोटे मोडतो.

उतारावर या फरकाची किंमत मोजावी लागते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची जुनी सवय आहे. आजच्या इंजिनांमध्ये गिअरमध्ये उतरताना इंधनपुरवठा आपोआप बंद होतो, त्यामुळे न्यूट्रलने वाचत काहीच नाही. उलट इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, सतत दाबून ड्रम तापतात, आणि नेमके तीव्र वळणावर ब्रेक लागेनासे होतात. जुलै २०२५ मध्ये या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या एका कंटेनरने पुढच्या वीसच्या आसपास वाहनांना धडक दिली होती. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या महामार्गावर शिंग्रोबाच्या देवळाजवळ बस दरीत कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात कुणे गावाजवळच्या पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, तेव्हा पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडल्याने खालून जाणारी माणसेही त्यात सापडली. अशा वेळी खोपोली-लोणावळ्याकडचे गिर्यारोहक आणि स्वयंसेवक दोर घेऊन दरीत उतरतात. त्यांच्या कामाची दखल एक-दोन दिवसांच्या बातम्यांपुरतीच घेतली जाते, याची खंत वाटते.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जड वाहनाला थांबून ब्रेक तपासण्याची सक्ती असावी, त्यासाठी पुरेशी रुंद आणि प्रकाशित जागा असावी, आणि निकामी गाडीला वळवता येईल असे खडी-वाळूने भरलेले, चढावर नेणारे फाटे योग्य वळणांच्या आधी असावेत. असा फाटा असून भागत नाही. घाबरलेल्या चालकाला तो दोन किलोमीटर आधीपासून फलकांवर दिसत राहिला पाहिजे, आणि त्यात गाडी घातल्याबद्दल त्याला दंड होणार नाही याची खात्रीही त्याला पाहिजे.

घाटातल्या काही गोष्टी सुधारल्याही आहेत. १८३० मध्ये बांधलेल्या अमृतांजन पुलाचे खांब द्रुतगती मार्गाच्या मधोमध येत होते आणि ऐन वळणावर रस्ता आवळला जात होता. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, तो पूल नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आला. इतिहासप्रेमींना हळहळ वाटली, मलाही वाटली, पण त्या वळणापुरता निर्णय योग्य होता. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळल्यानंतर कड्यांवर लोखंडी जाळ्या बसवल्या गेल्या. तरी दरडींचा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही, आणि सह्याद्रीच्या पावसात तो कधी पूर्ण मिटेल असेही वाटत नाही.

आता मृत्यूंविषयी. मराठी माणसाच्या मनात या रस्त्याच्या काही आठवणी कायमच्या कोरल्या गेल्या आहेत. फेब्रुवारी २००१ मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे यांचा भाताण बोगद्याजवळ अपघाती मृत्यू झाला. डिसेंबर २०१२ मध्ये उर्से टोलनाक्याजवळ समोरच्या बाजूने दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोने अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांचा बळी घेतला. जून २०१६ मध्ये शेडुंगजवळ चाक बदलण्यासाठी थांबलेल्या मोटारींवर बस आदळून १७ माणसे गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये राजकीय नेते विनायक मेटे यांची मोटार पहाटे माडप बोगद्याजवळ पुढच्या वाहनावर आदळून त्यांचा मृत्यू झाला. ही ठिकाणे पाहिली तर त्यांतले एकही बोरघाटाच्या चढावर नाही. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा असलेल्या भागात हे घडले आहे, आणि यांपैकी शेडुंग आणि माडपचे अपघात भल्या पहाटेचे आहेत, जेव्हा चालकाचे शरीर झोप मागत असते आणि रस्त्यावर त्याला जागे ठेवणारे काहीच नसते.

या अपघातांचे स्वरूपही पुन्हा पुन्हा तेच असते. वेगात असलेली मोटार संथ चाललेल्या किंवा कडेला उभ्या असलेल्या जड वाहनाला मागून धडकते. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर येईपर्यंतचा दीड सेकंद आणि त्यापुढचे प्रत्यक्ष थांबणे धरले, तर कोरड्या रस्त्यावर चांगल्या गाडीलाही शंभर मीटरच्या आसपास अंतर लागते. वेग १२० असेल तर हेच अंतर १३० मीटरच्या घरात जाते. मोटारीच्या दिव्यांचा खालचा झोत साधारण पन्नास-साठ मीटरच्या पुढे फारसे काही दाखवत नाही. ट्रकच्या मागच्या परावर्तक पट्ट्या चिखलाने माखलेल्या असतील आणि दिवे बंद असतील, तर पुढे काहीतरी आहे हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रकच्या मागच्या बाजूचा आडवा लोखंडी अडसर मोडका किंवा फार उंचावर असेल तर मोटार सरळ त्याच्या खाली शिरते, आणि मग सीट बेल्ट किंवा एअरबॅग यांचाही फारसा उपयोग होत नाही.

२०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसे मरण पावली होती. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा समूह यांनी मिळून शून्य मृत्यूचे उद्दिष्ट ठेवणारा प्रकल्प हाती घेतला, आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचा आकडा शंभराच्या खाली आला. शून्य अजून लांब आहे, पण जे साधले ते कोणत्याही नव्या पदराशिवाय साधले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रत्येक मृत्यूच्या जागी जाऊन गाडी कशावर आदळली, आणि ती वस्तू तेथे का होती, हे पाहिले गेले. कठड्यांची उघडी टोके गाडीत भाल्यासारखी घुसत होती, ती झाकली किंवा वळवली गेली. पुलांच्या खांबांपुढे आणि झाडांपुढे संरक्षक कठडे आले, दुभाजकातल्या बेकायदा फटी बुजवल्या गेल्या, गाडी पलीकडच्या बाजूला जाऊ नये म्हणून वायर रोपचे कठडे बसले, आणि कडेला उभी वाहने हटवण्यासाठी गस्त वाढली. यांतल्या एकाही कामाचे उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते करण्यासारखे नव्हते. कदाचित त्यामुळेच ती कामे लोकांच्या लक्षात राहिली नाहीत.

वेगाच्या बाबतीत जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा, जिला सगळे आयटीएमएस म्हणतात, काम करू लागली. रस्त्यावरच्या कमानींवर बसवलेले कॅमेरे वेग, सीट बेल्ट आणि मार्गिकेची शिस्त पाहतात आणि ई-चलान घरी येते. त्यावर लोक चिडलेले आहेत. काही चलाने चुकीची असतात आणि त्यांवर दाद मागण्याची पद्धत सोपी नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि ती सोपी झाल्याखेरीज या यंत्रणेवर विश्वास बसणार नाही. पण सरासरी वेग मोजण्याच्या पद्धतीला असलेला विरोध मला समजत नाही. एकाच जागी वेग मोजणारा कॅमेरा असला की चालक तेवढ्यापुरता ब्रेक दाबतो आणि पुढे पुन्हा पळवतो, शिवाय मोबाइलवरचा नकाशा त्याला आधीच सावध करतो. दहा किलोमीटर अंतरावरच्या दोन कमानींमधले अंतर शंभरच्या मर्यादेत कापायला सहा मिनिटे लागतात. जो पाच मिनिटांत पोहोचला त्याचा सरासरी वेग १२० होता, यात वादाला जागा नाही. संपूर्ण ९४.५ किलोमीटर १२० च्या वेगाने कापले असे धरले तरी शंभरच्या तुलनेत साडेनऊ मिनिटेही वाचत नाहीत, आणि घाट व टोलनाके मध्ये असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच वाचतात. ही मिनिटे पुण्यात वाकडच्या किंवा मुंबईत वाशीच्या पहिल्याच सिग्नलला खर्च होतात.

अपघातानंतरच्या मदतीचाही प्रश्न आहे. या मार्गावर गस्तीची वाहने आहेत, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, ओझर्डे येथे ट्रॉमा केंद्र आहे. तरीही पहिली काही मिनिटे शेजारून जाणाऱ्या प्रवाशाच्याच हातात असतात, आणि तो थांबत नाही, कारण त्याला पोलीस चौकीच्या फेऱ्यांची भीती वाटते. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. टोलनाक्यांवर जाहिरातींचे एवढे फलक आहेत, त्यांतल्या एकावर हे दोन ओळींत मराठीत लिहिता आले असते.

एप्रिल २०२३ पासून मोटारीसाठी ३२० रुपये टोल घेणाऱ्या रस्त्याकडून पुढची सगळी अपेक्षा ‘मिसिंग लिंक’ या जोडरस्त्यावर येऊन ठेपली आहे. खोपोलीपासून कुसगावपर्यंतचा हा १३.३ किलोमीटरचा पट्टा, ज्याच्या उद्घाटनाच्या तारखा वारंवार पुढे गेल्या, घाट पूर्णपणे टाळतो. त्यात दोन बोगदे आहेत, त्यांतला मोठा जवळपास नऊ किलोमीटरचा आहे, आणि खोल दरीवरचा केबल-स्टेड पूल आहे. अंतर सुमारे सहा किलोमीटरने आणि वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी कमी होणे हा त्याचा हेतू. पाच मार्गिका तीनमध्ये कोंबण्याच्या मूळ दोषावरचा हा खरा उपाय आहे, आणि तो बांधताना सह्याद्रीच्या बेसॉल्टशी झुंजलेल्या अभियंत्यांचे व मजुरांचे श्रेय मी नाकारत नाही. संपूर्ण मार्ग आधी आठ आणि मग दहा पदरी करण्याचे प्रस्ताव मात्र मला तितकेसे पटत नाहीत, कारण घाटाची अडचण सुटल्यावर सपाटीवर अधिक पदर देणे म्हणजे ज्या भागात माणसे वेगाने मरतात त्याच भागात अधिक वेगाची सोय करणे होईल.

मिसिंग लिंकमुळेही काही प्रश्न नव्याने उभे राहतात. नऊ किलोमीटरच्या बोगद्यात गाडी बंद पडणे किंवा पेट घेणे हे मोकळ्या घाटातल्यापेक्षा फार वेगळे संकट आहे, आणि ज्वालाग्राही रसायनांच्या टँकरना तेथे कोणत्या अटींवर प्रवेश द्यायचा याचा निर्णय कुण्याच्या पुलावरची आग आठवून घ्यावा लागेल. मोटारी निघून गेल्यावर जुन्या घाटात जी वाहने उरतील त्यांत ट्रकांचे प्रमाण वाढेल, त्यामुळे उतारावरच्या ब्रेक तपासणीची गरज वाढेल, आणि गर्दी ओसरल्याने त्याच उतारावर वेगही वाढेल. घाटातली रांग जी काही मिनिटे खात होती ती मिनिटे वाहने आता कळंबोलीच्या चौकात आणि वाकडच्या बाजूला जाऊन घालवतील, अशीही शक्यता आहे.

माझी मागणी त्यामानाने लहान आहे. कमानींवरचे कॅमेरे आता प्रत्येक वाहनाची नोंद ठेवतातच. त्या नोंदींवरून, कोणाचेही नाव किंवा गाडीचा क्रमांक न देता, दर महिन्याला एक तक्ता प्रसिद्ध व्हावा: कोणत्या किलोमीटरला, किती वाजता, कोणत्या प्रकारचे वाहन कशावर आदळले, घाटात कोणत्या वेळी सरासरी वेग किती होता, आणि बंद पडलेले वाहन हटवायला किती मिनिटे लागली. रस्ता रुंद करावा की ट्रकांना झोपायला जागा द्यावी, खालापूरला वाहने रोखावीत की खंडाळ्याला ब्रेक तपासावेत, हे वाद मग प्रत्येकाच्या शेवटच्या प्रवासातल्या मनस्तापावर चालणार नाहीत. आणि त्यासाठी नवा कॅमेरा किंवा नवा पूल लागत नाही. महामंडळाच्या संकेतस्थळावर एक पान लागेल.